पदवी हाती, संमतीपत्र कुठे?

होटगी हे जंक्शन आहे. सोलापूरहून निघालेली गाडी इथून एकतर वाडीच्या दिशेने जाते, नाहीतर विजापूर-गदगच्या. गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते की फलाटावर आधी पाटी वाचायची आणि मग डब्यात चढायचे. परदेशी शिक्षणाच्या बाबतीत मात्र आमचा समाज अजून पाटी न वाचताच चढतो आहे. कोणत्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, फी किती, शिष्यवृत्ती किती, विमान कोणत्या तारखेचे, हे सारे आम्ही विचारतो. पदवी मिळाल्यानंतर त्या देशात किती दिवस राहता येईल, काम करता येईल का आणि ते कोणाच्या परवानगीने, हे विचारणारा शंभरात एखादा भेटतो.

मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की वस्तीत सत्कार होतो. बुद्धविहारात वंदना होते, शाल-पुष्पगुच्छ दिला जातो, चौकात डिजिटल बोर्ड लागतो. तो लागलाच पाहिजे. ज्या घरात बापाने सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पोती उचलली आणि आईने विड्या वळल्या, त्या घरातले लेकरू लंडनच्या विद्यापीठात बसत असेल तर तो साऱ्या वस्तीचा सन्मान आहे. पण त्याच सभेत आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : 'बाळा, तुझा व्हिसा कोणत्या महिन्यात संपतो आणि त्यानंतर काय?' याचे उत्तर त्याच्याकडे नसेल तर आपण त्याला अर्ध्या वाटेचेच तिकीट काढून दिले आहे, असे समजावे.

शिक्षणानंतरचे काम म्हणजे काय?

विद्यार्थी व्हिसा हा शिक्षणापुरता असतो. त्यावर थोडेफार काम करता येते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा असते. त्यातून खोलीच्या भाड्याला आधार मिळतो, अनुभव मिळत नाही. हॉटेलात भांडी घासून कोणी अभियंता झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

म्हणून अनेक देश पदवीनंतर ठराविक मुदतीची काम करण्याची परवानगी देतात. कुठे एक वर्ष, कुठे दोन, कुठे तीन. या मुदतीत विद्यार्थ्याने आपल्या विषयातली नोकरी शोधायची, अनुभव घ्यायचा, कर्ज असेल तर ते फेडायला सुरुवात करायची आणि जमल्यास नियमित नोकरीचा व्हिसा मिळवायचा. ज्याचा मामा न्यू जर्सीत आणि काका लंडनात आहे, त्याला ही माहिती घरच्या जेवणाच्या ताटावरच मिळते. आमच्या मुलाला ती कोण देणार? तो तर त्याच्या सात पिढ्यांत विमानात बसणारा पहिला माणूस आहे.

बाबासाहेबांनाही मुदतीने अडवले

हा प्रश्न नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्यासोबत करारही होता : शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची. १९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले.

जगातल्या नामांकित विद्यापीठांनी ज्यांची बुद्धी मान्य केली, त्यांनाही मुदतीने अडवले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले होते. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून त्यांनी मिळवून ठेवली होती. त्या परवानगीमुळे दार उघडे राहिले.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. तिथे काय घडले ते चळवळीच्या प्रत्येक घराला माहीत आहे. राहायला कोणी जागा दिली नाही, पारशी धर्मशाळेतून हाकलून देण्यात आले. म्हणजे करार बाबासाहेबांनी मोडला नाही. परदेशात शिकून आलेल्या अधिकाऱ्याला एक खोली न देणाऱ्या जातिव्यवस्थेने तो मोडला. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै-पै साठवली, राजर्षी शाहू महाराजांनी हातभार लावला, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले आणि १९२० च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. पदरात पडली. मधली तीन वर्षे पैसा आणि मुदत यांनी खाल्ली.

हे भोगलेला माणूस पुढे सत्तेच्या जागी बसला तेव्हा विसरला नाही. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी परदेशी पाठविण्याची मागणी केली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू झाली आणि महाराष्ट्र सरकारने २००३ साली अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती आणली. तिच्या जागा पुढे ७५ पर्यंत वाढल्या. आज आमची जी मुले लंडन, एडिंबरो, मँचेस्टरला दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या पाठीशी या योजना आहेत.

ब्रिटनच्या नियमातले एक वाक्य

आता मुद्द्याची गोष्ट. ब्रिटनने शिक्षणानंतरच्या कामाचा जुना व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद केला होता. १ जुलै २०२१ पासून 'ग्रॅज्युएट रूट' या नावाने तो पुन्हा सुरू झाला. पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन वर्षे आणि पीएच.डी. करणाऱ्याला तीन वर्षे अशी ही मुदत ठरली. नंतर ब्रिटनच्या सरकारने ती कापली : १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळणार, पीएच.डी.ची तीन वर्षे कायम. या व्हिसासाठी हातात नोकरी असावी लागत नाही, ही त्याची मोठी सोय.

पण त्याच नियमात एक वाक्य आहे, जे कन्सल्टन्सीवाले कधी वाचून दाखवत नाहीत. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत विद्यार्थ्याची फी आणि राहण्याचा खर्च हे दोन्ही एखाद्या सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने दिले असतील, तर त्या सरकारचे किंवा संस्थेचे लेखी संमतीपत्र अर्जाला जोडावे लागते. संमतीपत्र नाही, तर व्हिसा नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. स्वतःच्या बापाच्या पैशाने शिकलेल्या मुलाला कोणाला विचारण्याची गरज नाही. बँकेचे कर्ज काढून गेलेल्यालाही नाही. संमतीपत्र आणावे लागते ते सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्याला, म्हणजे मुख्यतः आमच्या मुलांना. लंडनमध्ये एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून, एकच पदवी घेतलेल्या दोघांपैकी एकाचा अर्ज मोबाईलवर तासाभरात भरून होतो आणि दुसऱ्याचा अर्ज पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयातल्या नाहीतर दिल्लीतल्या मंत्रालयातल्या टेबलावर अडकतो.

वेळ किती असतो तेही पाहा. एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थी व्हिसाचे साधारण चार महिने शिल्लक असतात. त्या चार महिन्यांत प्रबंधाचा निकाल लागायचा, अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने तिथल्या गृहखात्याला कळवायचे आणि विद्यार्थ्याने ब्रिटनमध्येच राहून अर्ज करायचा. भारतात परत येऊन हा अर्ज करता येत नाही. फीचा हप्ता सरकारकडून उशिरा आला तर विद्यापीठ निकाल व पदवी अडवून धरू शकते. हप्ते वेळेवर न मिळाल्याच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून वारंवार आलेल्या आहेत. हप्ता उशिरा, म्हणून निकाल उशिरा. संमतीपत्र उशिरा, म्हणून अर्ज उशिरा. चार महिने केव्हा सरले ते कळतही नाही.

शिवाय पैसे लागतात. या व्हिसाच्या अर्जाची फी आठशे पौंडांच्या वर आहे. त्यासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, तो फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड झाला. दोन वर्षांचे झाले २,०७० पौंड. एकूण हिशेब तीन लाख रुपयांच्या वर जातो आणि तो एकदम, अर्जासोबतच भरायचा असतो. अभ्यासक्रम संपलेला, शिष्यवृत्तीचा भत्ता थांबलेला, नोकरी अजून लागलेली नाही. होटगीच्या वस्तीतले घर त्याला तीन लाख रुपये कुठून पाठवणार?

इतर देशांच्या पाट्या

ब्रिटन म्हणजे जग नव्हे. पण दुसरीकडे जायचे तर तिथलीही पाटी वाचून जावे.

ऑस्ट्रेलिया पदवीनंतर कामाचा तात्पुरता व्हिसा देते. भारताशी झालेल्या व्यापार करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणानंतर तीन वर्षे आणि पीएच.डी.नंतर चार वर्षांपर्यंत मुदत मिळते. परंतु १ जुलै २०२४ पासून त्याला वयाची अट लागली : अर्ज करताना वय ३५ च्या आत हवे. संशोधनाची पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. करणाऱ्यांना ५० पर्यंत सवलत आहे. आता आमच्या शिष्यवृत्तीची अट पाहा. पदव्युत्तर शिक्षणासाठी तिची वयोमर्यादाही ३५ च आहे. म्हणजे चौतिसाव्या वर्षी शिष्यवृत्ती घेऊन दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेलेला मुलगा शिष्यवृत्तीला पात्र ठरतो आणि कामाच्या व्हिसाला अपात्र. आमची मुले उशिरा पोहोचतात याला कारण आहे. मध्ये घर चालवावे लागते, धाकट्या बहिणीचे लग्न करावे लागते, जात पडताळणीच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. कॅनबेराला हे कोणी सांगावे?

कॅनडात पदवीनंतरचे काम-परवानापत्र आयुष्यात एकदाच मिळते. किमान आठ महिन्यांचा अभ्यासक्रम लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांपेक्षा छोट्या पदव्युत्तर पदवीलाही तीन वर्षांचा परवाना मिळू लागला. पण सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम विकत घेऊन चालवणाऱ्या खाजगी कॉलेजांत १५ मे २०२४ नंतर प्रवेश घेतलेल्यांना हा परवाना बंद झाला. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेची अट आली आणि कॉलेजातल्या पदविकांना विषयांची यादी लागली. यादीबाहेरच्या विषयाची पदविका घेतली तर फी गेली, वर्षे गेली आणि परवानाही गेला.

अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने काम करता येते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवीला आणखी चोवीस महिने मिळतात. मात्र पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढचा एच-१बी व्हिसा सोडतीवर. वर्षाला जागा ८५ हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, आणि तिथेच राहून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नसल्याचा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. महिन्याभराच्या त्या गोंधळात किती घरांची झोप उडाली असेल! आणखी एक गोष्ट अमेरिकेला जाणाऱ्याने ध्यानात ठेवावी. सरकारी पैशावर 'जे-१' व्हिसा घेऊन गेलेल्याला शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, त्याशिवाय पुढचे कामाचे व्हिसे मिळत नाहीत. त्यामुळे विद्यापीठ 'एफ-१'ची कागदपत्रे देते की 'जे-१'ची, हे निघण्यापूर्वी पाहावे.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण जवळजवळ मोफत आहे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. मात्र व्हिसासाठी वर्षभराचा खर्च बंद खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. आणि जर्मन भाषा शिकल्याशिवाय तिथे चांगली नोकरी लागणे कठीण. आयर्लंड पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत मुदत देते.

या सगळ्यातून एकच सार निघते. मुदती कायमच्या नसतात. सरकार बदलले, निवडणूक आली, की त्या कापल्या जातात. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राच्या अनुभवावर विसंबून आज कोणी पाऊल टाकू नये. ज्या वर्षी जायचे त्या वर्षीचा नियम त्या देशाच्या सरकारी कागदावर स्वतः वाचावा, इंग्रजी कळत नसेल तर शिक्षकाकडून वाचून घ्यावा.

कन्सल्टन्सीचा फलक आणि बँकेचा हप्ता

शिष्यवृत्तीच्या जागा मोजक्या, इच्छा मोठ्या. उरलेली मुले कर्जाकडे वळतात. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात. होटगीच्या भूमिहीन माणसाने काय तारण ठेवावे? गावठाणातले दोन खणांचे घर आणि तेही आजोबांच्या नावावर. मग खाजगी वित्तकंपनी आणि तिचे चढे व्याज. बँकेच्या कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतो. म्हणजे पदवीनंतरच्या कामाच्या मुदतीतले पहिले वर्ष नोकरी शोधण्यात गेले तर पुढचा सारा काळ हप्त्यांच्या तगाद्यात जातो.

ब्रिटनमध्ये कायम नोकरीचा व्हिसा हवा असेल तर पगाराची किमान पातळी लागते. ती जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नव्या पदवीधरांना सवलत आहे, तरी ३३,४०० पौंड लागतातच. दुकानात माल लावून हा पगार मिळत नाही. जो कन्सल्टन्सीवाला 'एकदा पोचा, मग सगळे होते' असे सांगतो, त्याला हे दोन आकडे विचारा. अनेक विद्यापीठे अशा एजंटांना प्रत्येक प्रवेशामागे दलाली देतात. आमचा मुलगा विमानात बसला की त्याचे काम संपते. आमचे तिथून सुरू होते.

जात पाठोपाठ येते

परदेशात गेल्यावर जात सुटते, असे काहींना वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका दलित तरुणाने जाहीर आरोप केला की, पुण्यातल्या त्याच्या जुन्या महाविद्यालयाने शैक्षणिक पडताळणी न दिल्यामुळे लंडनमधली नोकरी हातची गेली. महाविद्यालयाने जातिभेदाचा आरोप फेटाळला. त्यात खरे-खोटे काय ते चौकशीने ठरावे. पण त्या प्रकरणाने एक गोष्ट उघड केली : लंडनमधली नोकरी पुण्यातल्या एका सहीवर अवलंबून असते. अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करणारा कायदा केला. तिथे जात पोहोचली नसती तर कायद्याची गरजच पडली नसती. म्हणून जाणाऱ्याने गुणपत्रिका, शिक्षण सुरू असल्याचे व संपल्याचे दाखले, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे सही-शिक्क्यासह आधीच घेऊन ठेवावीत. पुढे कोणाच्या मर्जीवर राहू नये.

'सरकारचा पैसा, मग परत का येत नाही?'

हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकवला जातो. कधी विरोधकांकडून, कधी आपल्यातल्याच ज्येष्ठांकडून. बाबासाहेब परत आले, मग तुम्ही का नाही? प्रश्न खरा आहे आणि तो टाळता कामा नये. हा पैसा जनतेचा आहे. त्यात होटगीच्या विडी कामगार बाईने काडीपेटीवर भरलेला करही आहे. शिष्यवृत्तीच्या करारनाम्यावर सही करणाऱ्याने तो पाळलाच पाहिजे. करार मोडून तिकडेच लपून बसलेला एक मुलगा पुढच्या दहा मुलांची वाट अडवतो.

पण परत येणे आणि रिकाम्या हाताने परत येणे यांत फरक आहे. एक वर्षाची पदवी घेऊन लगेच परतलेल्या मुलाला इथे पहिल्या मुलाखतीत विचारले जाते, 'अनुभव काय?' घराणे नाही, ओळख नाही, अनुभवही नाही. मग तो सोलापुरात तासिका तत्त्वावर शिकवत बसतो. सरकारने त्याच्यावर केलेला लाखोंचा खर्च असा वाया जातो. तोच मुलगा दोन वर्षे तिथल्या रुग्णालयात, प्रयोगशाळेत, न्यायालयात, नाहीतर नियोजन खात्यात काम करून आला तर येताना हात भरून आणील. जनतेच्या पैशाचा हिशेब कोणता बरा?

बाबासाहेबांनी लंडनचे शिक्षण १९१७ मध्येच कायमचे सोडून दिले असते तर डी.एस्सी.चा 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लिहिला गेला नसता. त्यांना आणखी मुदत मिळाली याचा लाभ देशाला झाला, हे विसरू नये.

आमच्या मागण्या

म्हणून सामाजिक न्याय विभागाकडे आमच्या पाच मागण्या आहेत.

एक, निवडीच्या पत्रासोबतच पदवीनंतरच्या कामासाठीचे संमतीपत्र द्यावे. द्यायचे नसेल तर तेही कारणासह त्याच दिवशी सांगावे. व्हिसा संपायला आठ दिवस उरले असताना नव्हे.

दोन, भारतात परतण्याच्या अटीत कामाच्या अनुभवासाठी किमान दोन वर्षांची मुदत स्पष्ट शब्दांत लिहावी. ती कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये.

तीन, फीचा शेवटचा हप्ता निकालाच्या तारखेआधी विद्यापीठाच्या खात्यात जमा झालाच पाहिजे.

चार, कामाच्या व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार यांसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी. नोकरी लागल्यावर ती हप्त्यांनी वसूल करावी.

पाच, प्रत्येक जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात परदेशी शिक्षणाची माहिती देणारा एक जाणता माणूस आठवड्यातून एक दिवस बसवावा. होटगीच्या मुलाने अर्धी मजुरी बुडवून पुण्याला का जावे?

आम्ही काय करू शकतो?

मागण्या करून हात झटकण्याची आमची परंपरा नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले, तेव्हा सरकार देईल म्हणून कोणी वाट पाहत बसले नव्हते. इथून जवळच्या वळसंगला समाजबांधवांनी स्वतःच्या कष्टाने विहीर खोदली आणि १९३७ साली तिचे पहिले पाणी बाबासाहेबांच्या हातून निघाले. दुसऱ्याच्या पाणवठ्यावर ताटकळत उभे राहण्यापेक्षा आपली विहीर खोदावी, हे या मातीला कोणी शिकवायची गरज नाही.

आज होटगी आणि परिसरात रेल्वेतून, बँकेतून, शाळांतून निवृत्त झालेले आमचे कितीतरी लोक आहेत. त्यांना कागद वाचता येतो, अर्ज लिहिता येतो, साहेबासमोर बसून बोलता येते. महिन्यातून एका रविवारी त्यांनी विहारात बसावे. एक वही ठेवावी. परदेशी गेलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या नावापुढे चार तारखा लिहाव्यात : अभ्यासक्रम संपण्याची, व्हिसा संपण्याची, कामाच्या व्हिसाचा अर्ज करण्याची आणि कर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्याची. अभ्यासक्रम संपायला सहा महिने उरले की मुलाला फोन करावा आणि त्याच आठवड्यात संमतीपत्राचा अर्ज पुण्याला पोहोचतो की नाही हे पाहावे. अर्जाची पोच घ्यावी. पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर स्मरणपत्र द्यावे, त्यानंतर माहितीचा अधिकार आहेच. जी मुले तिकडे नोकरीत स्थिर झाली आहेत, त्यांनी दरवर्षी एका नव्या मुलाच्या व्हिसा फीला उसने पैसे द्यावेत. भथेनांनी बाबासाहेबांना दिले होते तसेच, परत करण्याच्या शब्दावर.

होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ साली गोव्याला आणि मुंबईला विमाने सुरू झाली. आमच्या वस्त्यांच्या डोक्यावरून ती जातात. त्यांत आमची मुले बसतील यात शंका नाही, बसतही आहेत. विमानाचे भाडे सरकार देईल, सत्काराची शाल समाज देईल. पण पदवीनंतरची वर्षे कोणी बक्षीस म्हणून देत नाही. ती वेळेवर केलेल्या अर्जाने मिळतात. या महिन्यात तुमच्या ओळखीचे कोणी परदेशात शेवटच्या सत्रात शिकत असेल, तर आजच संध्याकाळी त्याला फोन लावा आणि संमतीपत्राचा अर्ज केला का, एवढे विचारा.

जय भीम!